क्लेबॉर्नचे ओक

[दृश्य: काँक्रीटचा खांब, अगदी जवळून. त्यावर रंगवलेलं झाड.]

हे झाड रंगवलेलं आहे. खोडाच्या खाचा, सालीचे पापुद्रे, मधूनच डोकावणारी पानं, सगळं ब्रशनं काढलेलं. हात टेकवला की गार काँक्रीट लागतं. आणि जिथे फांद्यांचा पसारा असायला हवा, तिथे रस्ता आहे. आंतरराज्य महामार्ग क्रमांक 10.

[दृश्य: कॅमेरा वर जातो. पुलाचं पोट. ट्रकची घरघर.]

न्यू ऑर्लिन्स शहर, लुईझियाना राज्य. वस्तीचं नाव ट्रेमे. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी ही एक. गुलामगिरी कायद्यानं चालू होती, तेव्हाही इथे स्वतंत्र कृष्णवर्णीय गवंडी, सुतार, शिंपी स्वतःच्या नावावर घरं घेत होते. रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यात मुद्दाम जाऊन बसलेला होमर प्लेसी याच भागातला. बूट शिवणारा माणूस. त्याच्या खटल्यात 1896 साली सर्वोच्च न्यायालयानं ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरलं, म्हणजे गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या सोयी वेगळ्या ठेवणं कायदेशीर ठरवलं. पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ देश त्यावर चालला.

[दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. क्लेबॉर्न ॲव्हेन्यू.]

आणि हा तोच रस्ता, पुलाच्या आधीचा. मधल्या पट्ट्याला इथे कोणी दुभाजक म्हणत नाही, ‘न्यूट्रल ग्राउंड’ म्हणतात. एवढा रुंद, की त्यात ओकच्या चार ओळी मावत. हा ओक पानं गाळत नाही आणि वडासारखा ऐसपैस पसरतो. दोन्ही बाजूंना विमा कचेऱ्या, औषधांची दुकानं, शिंपी, खाणावळी. बहुतेक मालक कृष्णवर्णीय. मार्डी ग्राचा सण आला की शहरातल्या गोऱ्यांच्या मिरवणुकीत यांना जागा नसे. मग सण या झाडांखाली भरे.

[दृश्य: सुई, मणी, पिसं. हातांचा क्लोजअप.]

त्या सणाचा हा पोशाख. ‘मार्डी ग्रा इंडियन’ म्हणवणारी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसारखा वेष करणारी इथली कृष्णवर्णीय मंडळी तो वर्षभर शिवतात. सुईच्या टोकावर एक मणी, टाका, पुन्हा मणी. पुढच्या वर्षी पुन्हा नवा.

[दृश्य: नकाशे. आराखडे.]

आता नकाशे. 1946 साली न्यूयॉर्कचे बडे नियोजनकार रॉबर्ट मोझेस यांनी शहराला एक योजना दिली: मिसिसिपी नदीच्या काठानं, जुन्या फ्रेंच क्वार्टरच्या तोंडावरून उन्नत महामार्ग. पैसा नव्हता, कागद पडून राहिला. पैसा आला 1956 मध्ये. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. 41,000 मैल रस्ते. खर्चाच्या प्रत्येक डॉलरमधले 90 सेंट वॉशिंग्टन देणार, राज्यानं फक्त 10 घालायचे. असा सौदा कोणतं राज्य सोडेल? सगळ्या शहरांत पट्टी-पेन्सिली बाहेर आल्या.

न्यू ऑर्लिन्समध्ये दोन रेघा ठळक झाल्या. एक नदीकाठची, मोझेस यांचीच. दुसरी क्लेबॉर्नवरून. ही दुसरी सोपी होती. मधला रुंद पट्टा आधीच सार्वजनिक मालकीचा, झाडं तोडली की काम सुरू.

[दृश्य: फ्रेंच क्वार्टर. जॅक्सन स्क्वेअर, लोखंडी जाळीचे सज्जे, पर्यटक.]

पहिल्या रेघेचं काय झालं ते बघा. सुमारे 40 फूट उंच, सहा पदरी रस्ता या चौकासमोरून, या कॅथेड्रलसमोरून जाणार होता. बोराह आणि बॉमबाख हे दोन तरुण वकील उभे राहिले. वारसाप्रेमी संस्था, निवेदनं, वृत्तपत्रं, कोर्ट, वॉशिंग्टनच्या वाऱ्या. क्वार्टरला 1965 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळालेला होता, तोही कामी आला. जुलै 1969 मध्ये वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी यांनी प्रकल्प रद्द केला. गंमत म्हणजे 1956 चा कायदा झाला तेव्हा महामार्ग खात्याची सूत्रं सुरुवातीला याच व्होल्पींकडे होती.

लढणाऱ्यांनी चांगलंच केलं. तो चौक वाचला, म्हणून तर आपण तो चित्रित करू शकलो.

[दृश्य: भुयार. दिव्यांची रांग, गाड्या.]

रद्द झालेल्या रस्त्याचा एक तुकडा मात्र आधीच बांधून झाला होता. कॅनाल स्ट्रीटच्या टोकाला, जमिनीखाली हे भुयार. कुठेच न जाणारं. पुढे वरती कॅसिनो आला आणि हे त्याचं वाहनतळ झालं.

[दृश्य: पुन्हा क्लेबॉर्न. जुना फोटो आणि आजचा रस्ता, एकावर एक.]

आता दुसरी रेघ. 1966. वकिलांची फौज नाही, वारसास्थळाचा दर्जा नाही. मतदान हक्क कायदा आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाला होता, म्हणजे इथल्या कितीतरी लोकांना मत आत्ता कुठे मिळत होतं. नगर परिषदेत एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता; पहिला आला 1975 मध्ये. जुने रहिवासी सांगतात, काय चाललंय हे करवतीचा आवाज आला तेव्हा कळलं. दोन रस्ते, शहर एकच, दशक एकच.

घरं गेली, शंभराहून अधिक दुकानांपैकी 2000 सालापर्यंत पस्तीसेक उरली.

[दृश्य: खांबांची रांग. एकेका खांबावर एकेक चित्र.]

2002 मध्ये स्थानिक चित्रकारांनी खांब रंगवायला घेतले. काहींवर ओक, काहींवर इथले वादक, इथले लोक. तीन वर्षांनी कतरिना वादळ आलं. पाणी ओसरल्यावर बुडालेल्या गाड्या ओढून याच चित्रांमध्ये रांगेनं आणून ठेवल्या होत्या.

पूल पाडावा का? सॅन फ्रान्सिस्कोनं भूकंपानंतर आपला पाडला, मिलवॉकीनंही पाडला. 2021 मध्ये वॉशिंग्टननं अशा रस्त्यांनी तोडलेल्या वस्त्या पुन्हा जोडायला निधी ठेवला. प्रस्ताव 20 अब्ज डॉलरचा होता, मंजूर झाला एक अब्ज, तोही पाच वर्षांत, अख्ख्या देशासाठी. क्लेबॉर्नच्या वाट्याला 2023 मध्ये नियोजनासाठी पाच लाख डॉलर आले. शिवाय वस्तीत एकमत नाही. पूल गेला की जागेचे भाव चढतील, घरभाडं परवडणार नाही, आणि पुलानं जे केलं नाही ते भाडं करेल, असं म्हणणारेही इथलेच. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांचं म्हणणं वेगळं.

[दृश्य: रविवार दुपार. ब्रास बँडची मिरवणूक, छत्र्या, रुमाल.]

रविवार. मिरवणूक निघाली आहे. पुढे बँड, मागे नाचणारी माणसं. या मागच्या लोकांना ‘सेकंड लाइन’ म्हणतात. उघड्या रस्त्यावर ट्रम्पेटचा आवाज पसरून जातो. पुलाखाली तो काँक्रीटवर आपटून परत येतो, दुप्पट होतो. वादकांना हे पक्कं ठाऊक आहे. पहिला खांब आला की ड्रमवाला मान वळवून मागच्यांकडे बघतो, सगळे श्वास भरून घेतात.

[निवेदन इथे थांबतं. मूळ आवाज पूर्ण. मिरवणूक पुलाखाली शिरते.]