टाकी माशाला मानवली पाहिजे

(दृश्य: ओसरलेला तलाव, भेगाळलेला काठ. ग्राइंडरचा आवाज लांबून.)

भंडारा जिल्हा. साकोलीकडचं एक गाव. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस लागलेत, मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळच्या) तलावाचं पाणी पार मधोमध गेलंय. पाळीखाली कडूनिंबाच्या सावलीत लोखंडाची एक लांबट नांद पडली आहे. कधीकाळी हा पाण्याचा टँकर होता, पाच हजार लिटरचा. भंगारातून आणला, लांबीत चिरला, दोन नांदा झाल्या. त्यातली ही एक, मरळीसाठी.

मृगाच्या पावसात चढणीचे, म्हणजे वाहत्या पाण्याविरुद्ध चढणारे मासे सापडतात. मरळ जिवंत असली तर भाव मिळतो, मेली की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. म्हणून बाजाराच्या दिवसापर्यंत ती जगवायची.

मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेते. गढूळ, थोडक्या पाण्यातही तग धरते. त्यामुळे तिला काहीही चालतं, असा समज. ही नांद रंगवणाऱ्या मामाजींचाही गेल्या वर्षी तोच होता. गंजलेला पत्रा गळत होता, दुकानदारानं डांबरी काळा रंग दिला. गळती थांबली. चौथ्या दिवशी सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते.

"पाणी नाही गेलं बाप्पा, मासेच गेले," मामाजी सांगतात. हसून सांगतात, पण दुकानाचं नाव काही घेत नाहीत.

(दृश्य: जवळून. ग्राइंडरच्या वायर ब्रशखाली गंज उडतोय.)

डांबरातली काही द्रव्यं पाण्यात उतरतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्तही उतरतं, आणि ते थेट माशाच्या कल्ल्यांवर बसतं. यंदा आणलंय ते दोन डब्यांचं इपॉक्सी, मिसळल्यावर कडक होणारा लेप. एकात रेझिन, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारा हार्डनर, पातळ करणारं थिनर अजिबात नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतं, असं डब्यावर छापलेलं पाहूनच घेतलं.

पण डबा आज उघडणार नाही. दोन दिवस नुसतं घासणं चाललंय. जुना रंग, गंजाचे पोपडे, सगळं खरवडून पत्रा पांढरा चमकेपर्यंत. भाचा कंटाळला, एका कोपऱ्यात थोडा काळपट डाग राहू दिला. मामाजींनी बोट ठेवलं.

"काहून सोडला हा?"
"मामाजी, रंगाखाली जाईलच ना."
"पोट्ट्या, रंग त्यावर बसते, मंग त्याच्यासंगच निघते."

घासून झालं की चिंधीनं तेल-धूळ पुसायची आणि त्याच दिवशी पहिला हात मारायचा. उघडा पत्रा रात्रभर राहिला की पुन्हा तांबूस होतो.

(दृश्य: पहाट. घमेल्यात ओतलेलं पांढरं मिश्रण.)

पहाटे साडेपाच. ही वेळ मुद्दाम निवडलेली. डब्यावर लिहिलंय, मिसळल्यावर अर्ध्या तासात वापरा. तो अर्धा तास 25 अंशांचा. दहा अंश उष्णता वाढली की वेळ साधारण निम्म्यावर येते. इथे दुपारी पारा 45 गाठतो. शिवाय बादलीत ढीग ठेवला तर मिश्रण स्वतःच तापतं, धूर काढतं, बादलीतच दगड होतं. म्हणून थोडंथोडं कालवायचं आणि रुंद घमेल्यात पसरायचं. प्रमाण वजनकाट्यावर, नजरेनं नाही. हार्डनर कमी-जास्त झाला तर थर कायमचा चिकट राहतो आणि तो चिकटपणाच माशाला मारतो.

आधी ब्रशनं वेल्डिंगचे सांधे आणि कडा. मग रोलर. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, पहिल्याला आडवा, म्हणजे सुटलेली जागा झाकली जाते. दोन्ही हातांमध्ये जास्त दिवस गेले तर वरचा थर घासून घ्यावा लागतो.

इथून पुढे काम म्हणजे थांबणं. सात दिवस. बोटाला कोरडं लागतं तिसऱ्याच दिवशी, पण आतून घट्ट व्हायला वेळ लागतो. मामाजी अंगठ्याचं नख रोवून पाहतात. संध्याकाळी नांदेवर प्लास्टिक बांधतात, सकाळी कडा उचलून आत नाक घालतात. पाचव्या दिवशीही वास होता.

भाचा हिशेब मांडतो: सात दिवस हे, तीन दिवस पाणी भरून ओतून द्यायचं, चार दिवस चाचणी. मृग सात जूनला लागतो. जमेल का?

"पाऊस कुठं सात तारखेला येते आपल्याकडे?" मामाजी.

तीन वेळा नांद भरली, एकेक दिवस ठेवली, पाणी पांदणीत सोडलं. धानाच्या पऱ्ह्याकडे, म्हणजे रोपांकडे, ते जाऊ दिलं नाही. मग रोहूची चार बोटुकली सोडली. मुद्दाम रोहू, कारण तो मरळीइतका चिवट नाही. काही बिघडलं तर आधी त्याला कळतं.

(दृश्य: रात्र. नांदेवर ताणलेली जाळी, कंदिलाचा उजेड.)

चार दिवसांनी चारही पोहत होती. जाळी मात्र घट्ट बांधावी लागली, मरळ उडी मारून बाहेर पडते.

पाऊस आला अठरा जूनला. त्या रात्री पहिल्या पाच मरळी नांदेत आल्या. मामाजी खाटेवर पडून ऐकत होते. अंधारात पाण्यावर तोंड येतं, हवा घेतं.

टप्. थोड्या वेळानं पुन्हा, टप्.