भेगेवरची काच

[दृश्य : दगडी भिंत. खिडकीच्या कमानीखाली भेग, तिच्यावर आडवी काचपट्टी.]

ही काच बघा. बोटभर लांब, भेगेच्या दोन्ही कडांना चिकटवलेली. शेजारी पेन्सिलीनं तारीख : 12 मे. आर्किटेक्ट मॅडमनी आमच्या चर्चमध्ये केलेलं पहिलं काम एवढंच. अशा चार पट्ट्या लावल्या आणि म्हणाल्या, "भिंत हलली, तर काच तडकेल. आता पावसाळा जाऊ द्या."

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुजबुज सुरू झाली. फी द्यायची आणि वर थांबायचं?

हे चर्च जालन्याच्या बाजूचं. 1803 साली इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई याच मुलखात झाली. पुढं जालन्याला फौजेची छावणी पडली, मिशनरी आले, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. मिशनवाले गेले, इमारती मंडळ्यांच्या पदरात राहिल्या. आमच्या पदरात आल्या काळ्या पाषाणाच्या भिंती, सागवानी कैच्या, वर कौलं. आणि ही भेग.

तिला आम्ही 'किल्लारीची भेग' म्हणतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं पाडलेली. आता भूकंपापुढं चर्चचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी काय करणार, असं म्हणत आम्ही तीस वर्षं काढली.

[दृश्य : जुलै. धो धो पाऊस. छत्रीखाली एक बाई वर बघत उभी.]

मॅडम न कळवता आल्या, त्याही भर पावसात. तासभर आत पाऊलच टाकलं नाही. पन्हळ निंबाच्या पाल्यानं तुंबलेली. सगळ्या छपराचं पाणी एकाच कोपऱ्यावर कोसळत होतं. खाली पेव्हर ब्लॉक, त्यांचा उतार भिंतीकडं.

"हे पाणी कुठं जातं?"

"भिंतीत," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

पायाखाली काळी माती. ती काय चीज आहे, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तो एक कोपरा दरवर्षी हलत होता. ऑक्टोबरात बघितलं, तर तीन काचा शाबूत, कोपऱ्यातली तडकलेली. किल्लारी निर्दोष सुटली.

[दृश्य : आतली भिंत. गिलाव्याचे पोपडे, पांढरा लोणा.]

हा लोणा मात्र आमचीच करणी. काही वर्षांपूर्वी दगडांच्या दरजा आम्ही सिमेंटनं भरून घेतल्या. 'एकदाच पक्कं काम' म्हणून. काळा दगड पाणी फारसं पीत नाही. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडायची. सिमेंटनं ती वाट बंद केली. मग ओल आत वळली, येताना क्षार घेऊन आली आणि गिलावा सोलत सुटली. वर आम्ही ऑइल पेंट मारला होता. म्हणजे उरलंसुरलं दारही लावून घेतलं.

आता छिन्नीनं एकेक दरज मोकळी करताहेत. हलक्या हातानं, दगडाची कड न उडवता. मागं हौदात चुना मुरतोय. कळीचा चुना पाण्यात टाकला तेव्हा असा खदखदला, की लेकरं पळाली. त्यात वाळू, विटांची सुरखी म्हणजे भुकटी. थोडं गुळाचं पाणी घालतात, ते मिस्त्रींच्या वडलांपासूनचं. "बीबीच्या मकबऱ्याचा गिलावा चुन्याचाच," मिस्त्री सुनावतात, "तुमचं चर्च तर कालचं." हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो. घाई त्याला चालत नाही. नाताळला रंग नाही म्हणून गायनमंडळ रुसलं, ते रुसलंच.

पेव्हर ब्लॉक काढणं सगळ्यांत अवघड गेलं. काम सोपं होतं, पण ते देणगीतून बसवलेले. देणगीदार आजही पहिल्या बाकावर बसतात. त्यांच्या नावाची पाटी सध्या कपाटात आहे.

[दृश्य : कोपरा. उघडी माती, उतार भिंतीपासून बाहेर. साफ केलेली पन्हळ.]

कोपऱ्यात नवी काच लागलीय. तारीख : 3 नोव्हेंबर. रविवारी उपासना सुटली, की जो तो आधी तिकडं वळतो, वाकून बघतो आणि मग चपला शोधतो.