५२ जणांमधला एक

वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवादकाला पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावलेली असते : शेजाऱ्याचा गज वर गेला की आपलाही वर गेला पाहिजे आणि आपला आवाज गटाच्या आवाजातून वेगळा ऐकू येता कामा नये. म्हणूनच दोघांत मिळून एक स्टँड असतो आणि त्यावर स्वरलेखनाची एकच प्रत. पोलंडचे रचनाकार क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की यांनी १९६० मध्ये लिहिलेली, हिरोशिमाच्या बळींना अर्पण केलेली शोकरचना समोर आली की ही सवय फारशी उपयोगी पडत नाही.

या रचनेत २४ व्हायोलिन आणि गजाने वाजणारीच, क्रमाने अधिक मोठी आणि खर्जाची होत जाणारी वाद्ये, म्हणजे १० व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बास आहेत. सुरुवातीला स्वरांच्या जागी काळे त्रिकोण दिसतात. त्यांचा अर्थ असा, की आपल्या वाद्यातून निघेल तितका उंच स्वर काढायचा, मग तो कोणताही असो. घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या, पलीकडे, जिथे एरवी गज फिरकत नाही, त्या तारांच्या तुकड्यांवर वाजवायचे असते आणि वाद्याच्या पेटीवर बोटांनी किंवा गजाच्या मुठीकडच्या टोकाने ठोकायचेही असते. जन्मभर जपलेले वाद्य हातात असलेला माणूस इथे थबकला, तर त्याला जुनाट म्हणणे अन्यायाचे होईल. बऱ्याच भागांत मोजायला मात्राही नाहीत. पानाच्या तळाशी सेकंद लिहिलेले असतात आणि वादकाची नजर संचालकाच्या हातावर खिळलेली असते.

खरी परीक्षा मात्र वेगळीच आहे. दोन शेजाऱ्यांच्या स्वरांत कित्येकदा अर्ध्या स्वराच्याही निम्मे अंतर असते. हे अंतर मोजून समान ठेवलेले असल्यामुळे आपल्याकडच्या श्रुतींशी, म्हणजे रागसंगीतातल्या सूक्ष्म स्वरभेदांशी, त्याची गल्लत करू नये. पुढे एका भागात ३६ स्वतंत्र आवाज एकमेकांत गुंतत जातात, आणि त्यांतला एखादा चुकला तरी श्रोत्यांना, कदाचित संचालकालाही, ते कळणार नाही. वादकाला ते ठाऊक असते.

आपले वाजवणे कोणाला कळणार नाही, ही सूट किती महागात पडू शकते, हे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला दिसले. अमेरिकन रचनाकार जॉन केज यांची ताऱ्यांच्या नकाशांवरून बेतलेली रचना न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक हा वाद्यवृंद सादर करत होता. वाद्यांना मायक्रोफोन जोडलेले होते आणि कोणाचा आवाज कधी बाहेर जाईल हे वादकाच्या हाती नव्हते. काहींनी लिहिलेले सोडून मनाला येईल ते वाजवले, कोणी शिट्ट्या घातल्या. आपण नीट वाजवले काय किंवा न वाजवले काय, सारखेच, अशी ज्याची समजूत झाली त्याचा राग समजू शकतो. वागणे मात्र समर्थनीय ठरत नाही.

पेंडेरेत्स्कींच्या रचनेचा शेवट ५२ जणांनी एकत्र धरलेल्या स्वरपुंजाने, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या लगतच्या स्वरांच्या दाट गठ्ठ्याने, होतो. तो ३० सेकंद चालतो आणि अतिशय मोठ्या आवाजापासून जवळजवळ ऐकू न येण्यापर्यंत उतरत जातो. सुरुवातीच्या जोरात गज काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे तो उलटवण्याचा क्षण शेजाऱ्याच्या क्षणाशी जुळू नये याची काळजी घ्यावी लागते, नाहीतर पुंजाला भोक पडते. उत्तरार्धात गज इंचाइंचाने पुरवायचा असतो. बाजूच्या जवळच्या स्वराचा ओढा सतत जाणवत असताना आपले बोट केसभरही सरकू न देता तो वादक उरलेले सेकंद मोजतो.