लहान आतड्याकडेही बघा

मंडळी, आतड्यातल्या जिवाणूंबद्दल हल्ली जे छापून येतं ते बहुतेक मोठ्या आतड्याबद्दल असतं. शौचाचा नमुना सहज मिळतो आणि तो प्रामुख्याने मोठ्या आतड्याचीच खबर देतो. त्याच्या आधीचं सुमारे सहा मीटरचं लहान आतडं, जिथं अन्नातलं बहुतेक पोषण शोषलं जातं, तिथला नमुना हवा तर आत नळी घालावी लागते. निव्वळ गैरसोयीपायी इतका मोलाचा भाग मागे पडलाय, याचा मला राग येतो.

जॉर्ज व्हिपल हे नाव किती जणांनी ऐकलंय? दोन हात. पुरे आहेत! १९०७ साली या तरुण डॉक्टरानं एका छत्तीस वर्षांच्या रुग्णाचं शवविच्छेदन केलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. वर्षानुवर्षं सांधे दुखत होते, जुलाब होत होते, माणूस झिजत झिजत गेला. लहान आतड्याच्या अस्तरात आणि लसिकाग्रंथींत मेद साचलेला दिसला. व्हिपलनं दोष मेदाच्या चयापचयाला दिला. पण त्याच निबंधात त्यानं दांडीसारखे सूक्ष्मजंतू दिसल्याचंही नोंदवलंय! नोंद तिथंच राहिली. १९५२मध्ये अँटिबायोटिकनं असा एक रुग्ण बरा झाल्याचं प्रसिद्ध झालं, १९९२मध्ये हा आजार करणाऱ्या जिवाणूला जनुकांवरून नाव मिळालं, २०००मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवता आला. आणि २००३ साली, त्याच १९०७च्या रुग्णाच्या जपून ठेवलेल्या ऊतीत तो सापडला. शहाण्णव वर्षं! जपून ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार. व्हिपलना १९३४चं नोबेल मिळालं ते मात्र रक्तक्षयावरच्या यकृताच्या उपचारासाठी. यकृतातलं बी १२ जीवनसत्त्व पुढे येणारच आहे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

लहान आतड्याच्या सुरुवातीला मिलिलिटरमागे साधारण हजार ते दहा हजार जिवाणू असतात, शेवटाकडे ते कोटींच्या घरात जातात. मोठ्या आतड्यात ग्रॅममागे शंभर अब्जांच्या आसपास. वरची संख्या कमी राहते ती जठरातलं आम्ल, पित्त आणि आतड्याची हालचाल यांमुळे. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी स्नायूंची एक लाट झाडूसारखी सगळं पुढे लोटते.

जुना मधुमेह, स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव ताठर करणारा आजार) किंवा शस्त्रक्रियेनंतर मुख्य वाटेपासून बाजूला पडलेला आतड्याचा भाग, यांमुळे हे लोटणं मंदावलं की जिवाणू वर वाढतात. ते पित्तक्षार मोडतात, मग चरबी नीट शोषली जात नाही, शौच तेलकट होतं. बी १२ तेच फस्त करतात आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र बनवतात. म्हणून रक्तात बी १२ कमी आणि फोलेट जास्त दिसलं, तर नजर इकडे वळायला हवी.

पण हे जिवाणू नुसते उपद्रवी नाहीत. जंतुरहित वाढवलेले उंदीर भरपूर चरबी खाऊनही ती कमी शोषतात. चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांच्या लहान आतड्यातले जिवाणू त्यांना दिले की शोषण वाढतं, असं २०१८च्या प्रयोगात दिसलं. उलट, ढाक्यातल्या खुरटलेल्या मुलांच्या २०२०च्या अभ्यासात लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या काही जिवाणूंचं प्रमाण आणि वाढ खुंटणं यांचा संबंध आढळला.

उपचारात रिफॅक्सिमिनसारखं अँटिबायोटिक देतात, आराम पडतो. पण मंदावलेली हालचाल तशीच राहिली तर जिवाणू पुन्हा वाढतात. त्यामुळे गोळ्या संपल्यावर डॉक्टरांना विचारा, मुळात ते वाढले कशानं?