धोबीपछाड आणि गुरुत्वमध्य

श्रोतेहो, नमस्कार.

कुस्तीच्या फडात भारी वजनाचा पैलवान हलक्या गड्याच्या कमरेवरून उलटा होऊन पाठीवर आदळतो, तेव्हा सारे त्या गड्याच्या ताकदीला दाद देतात. माझ्या मते खरी दाद द्यायला हवी ती त्याच्या तोलाच्या जाणकारीला.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, बेंबीच्या किंचित खाली असतो. तिथून सोडलेला ओळंबा दोन पावलांनी वेढलेल्या जागेत पडतो तोवर माणूस उभा राहतो. तो बाहेर गेला आणि पाऊल वेळेत हलले नाही, की माणूस कोसळतो. म्हणूनच तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी गुडघे वाकवून, पाय फाकवून पवित्रा घ्यायला शिकवतात. मात्र हा आधार सर्व दिशांना सारखा नसतो. पावले दोन बाजूंना फाकलेली असतील, तर बाजूने रेटा दिला तरी गडी सहजी हलत नाही. पावले जोडणाऱ्या रेषेला काटकोनात ओढले, तर तोच गडी चटकन झुकतो.

धोबीपछाडीत नेमके हेच घडते. हात धरून प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचे, गर्रकन वळायचे आणि गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या गुरुत्वमध्याखाली सरकवायची. इथे चार बोटांच्या उंचीने डाव फिरतो. कंबर वर राहिली, तर ८० किलोचा देह निव्वळ हातांच्या जोरावर उचलावा लागतो. ती खाली गेली, तर तरफेचा टेकू बनते आणि टेकूपलीकडे गेलेले धड स्वतःच्याच वजनाने फिरू लागते.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांचा हुकमी डाव ढाक. त्यात मानेला विळखा पडतो. मान कमरेच्या टेकूपासून बरीच दूर असल्याने थोड्या ओढीतही मोठे परिबल, म्हणजे फिरवणारा जोर, निर्माण होते, आणि मान वळली की मागोमाग धड वळतेच.

अर्थात पकड निसटली, तर तरफ निरुपयोगी ठरते. मातीतले पैलवान एकमेकांच्या घामेजल्या अंगावर माती टाकतात, ती घर्षण वाढावे म्हणून. मॅटवर ही सोय नसते. तिथे नुसत्या मुठीवर विसंबता येत नाही, हाताचा विळखा कोपराच्या किंवा गुडघ्याच्या मागे घट्ट बसवावा लागतो.