जमिनीखालच्या पाण्याचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

काळ्या वावरात ओलीत करताना तुम्ही हे पाहिलं असेल. पाणी सोडून दोन तास होतात, पण सरी काही भिजत नाही. पाणी एखाद्या भेगेत शिरतं, उंदराच्या बिळातून धावतं आणि धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या नालीत निघतं. मधली ढेकळं कोरडीच राहतात. जमिनीखाली हजार-दोन हजार मीटरवर, तेलाच्या खडकातही हेच घडतं.

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. वाळूच्या दगडात, चुनखडीत बारीक छिद्रं असतात आणि त्यांत तेल भरलेलं असतं. सुरुवातीला ते आपल्याच दाबानं वर येतं. दाब उतरला की अर्ध्याहून जास्त तेल खडकातच अडकून राहतं. मग एका विहिरीतून पाणी खाली दाबायचं आणि त्या पाण्यानं तेल दुसऱ्या विहिरीकडे ढकलायचं. आपल्या बॉम्बे हायला समुद्राचंच पाणी गाळून, शुद्ध करून असं दाबतात. पण पाणी सोपी वाट शोधतं. काही दिवसांनी तेलाच्या विहिरीतून पाणीच जास्त यायला लागतं. हे पाणी कोणत्या विहिरीतून आलं? कोणत्या थरातून आलं? वरून पाहून कळत नाही. म्हणून पाण्यात खूण घालतात. तिला ट्रेसर म्हणतात. खूण घालायची, वाट पाहायची, नमुने तपासायचे. पुन्हा सांगतो: खूण घालायची, वाट पाहायची, नमुने तपासायचे.

आता या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. ती तेलाची नाही, एका नदीची आहे.

जर्मनीच्या दक्षिणेला डॅन्यूब नदी वाहते. इमेंडिंगेन नावाच्या गावाजवळ तिचं पात्र चुनखडीवरून जातं आणि तिथं नदी चक्क जमिनीत गडप होते. पाऊस कमी असला की पुढचं पात्र कोरडं, नुसते गोटे. तिथून सुमारे बारा किलोमीटरवर आख गावाजवळ एक झरा आहे. झरा कसला, जमिनीतून आख्खी नदीच निघते! डॅन्यूब जाते पूर्वेला, काळ्या समुद्राकडे. आखचं पाणी ऱ्हाइन नदीत मिळून उत्तर समुद्राला जातं. म्हणजे दोन्ही नद्यांची तोंडं दोन दिशांना.

डॅन्यूबकाठच्या लोकांच्या पाणचक्क्या बंद पडायच्या. ते म्हणाले, पात्रातली भोकं बुजवा. आखच्या काठी कारखाने होते. तिथले मालक म्हणाले, भोकं बुजवली तर आमचा झरा आटेल, हात लावू नका. पाण्यावरून धुऱ्या-धुऱ्याचं भांडण आपल्याला नवीन नाही, पण हे भांडण दोन राज्यांपर्यंत गेलं होतं. आणि मूळ प्रश्न तसाच होता. झऱ्याचं पाणी डॅन्यूबचंच आहे, हे दाखवणार कोण?

ते काम अडॉल्फ क्नोप या भूवैज्ञानिकाकडे आलं. साल १८७७. या माणसाने एका खुणेवर भरवसा ठेवला नाही, तीन खुणा घेतल्या. पहिली, मीठ: २० टन, म्हणजे आपल्या हिशेबानं २०० क्विंटल! दुसरी, शेल खडकापासून काढलेलं तेल, १२०० किलो. तिसरी, फ्लुओरेसीन नावाचा रंग, १० किलो. हा रंग तेव्हा नवाच होता, १८७१ साली प्रयोगशाळेत तयार झालेला. एक खूण जिभेला कळणारी, एक नाकाला, एक डोळ्याला. हे सगळं डॅन्यूबच्या त्या भोकांत ओतलं आणि माणसं झऱ्यावर जाऊन बसली.

सुमारे ६० तास गेले. अडीच दिवस. आणि आखच्या झऱ्यातून हिरवंगार, चमकणारं पाणी वर आलं! मिठाची चव लागली. क्रिओसोटसारखा, म्हणजे डांबरी वास आला. तिन्ही खुणा पोचल्या. एवढं जुनं भांडण, आणि उत्तर पाण्यानंच दिलं. मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, दर वेळी अंगावर काटा येतो.

इथं जरा वेगळं बोलतो. आपल्या वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांसाठी बोअरवर बोअर घेतले जातात. नारळ हातात घेऊन जागा दाखवणाऱ्यावर लोक पैसे घालतात, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. त्याऐवजी गावात एक वही ठेवा. कोणाचा बोअर किती खोल गेला, कोणता खडक लागला, उन्हाळ्यात पाणी किती खाली उतरलं, ते लिहा. ती वही ग्रामपंचायतीत सगळ्यांना पाहता आली पाहिजे. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, भूगोल त्यांना आपोआप येईल.

असो. तेलाकडे येऊ. क्नोप यांच्या खुणा तेलाच्या खडकात चालत नाहीत. तिथलं पाणी मुळातच खारं असतं, त्यात मिठाची खूण ओळखायची कशी? आपल्या अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यातही मिठाची खूण फसेल, कारण तेच. रंग खडकाला चिकटतो, खोलवरच्या उष्णतेत टिकत नाही. म्हणून खूण अशी हवी: तिथं आधी नसलेली, खडकाला न चिकटणारी, उष्णतेत टिकणारी, आणि थोडी असली तरी सापडणारी. ट्रिशियमचं पाणी वापरतात, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी प्रकारापासून झालेलं पाणी. ते पाण्यासारखंच वागतं आणि सुमारे १२ वर्षांत निम्मं उरतं. फ्लुओरोबेन्झोइक आम्लं नावाची रसायनं वापरतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत, त्यामुळे प्रत्येक विहिरीला वेगळी खूण देता येते. अलीकडे कार्बनचे नॅनोकण, म्हणजे डोळ्याला न दिसणारे अतिबारीक कणही वापरून पाहिले आहेत. इथं मात्र अडीच दिवसांत उत्तर येत नाही, महिनोन्‌महिने नमुने घ्यावे लागतात.

आणखी एक युक्ती ऐका. दोन खुणा एकत्र सोडतात. एक फक्त पाण्यात राहते, दुसरी थोडी तेलातही विरघळते. वाटेत तेल असेल तर दुसरी रेंगाळते, मागून पोचते. जितका उशीर, तितकं तेल अजून खडकात शिल्लक.

शेवटी एक विनंती. हे ऐकून कोणी आपल्या विहिरीत रंग किंवा औषध ओतू नका, ते पाणी माणसं आणि जनावरं पितात. शेजारच्या बोअरमुळे तुमची विहीर उतरते अशी शंका असेल तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जा. जाताना दोन्ही ठिकाणच्या पाण्याच्या पातळ्या तारखेवार लिहून न्या. नमस्कार.