मगर आणि काळी प्लेट: मुलांच्या कॉमिक्सचा मॅस्कॉट

नमस्कार, श्रोतेहो. बडोद्यात कुणी मुलांसाठी मराठी कॉमिक्सची माला काढायचं ठरवलं, की प्रकाशनाचा मॅस्कॉट, म्हणजे ओळखीचं पात्र, म्हणून पहिलं नाव येतं वडाचं; वडोदरा हे नावच वडावरून. आमचं ऐकाल तर वड नको. झाड पळत नाही, रुसत नाही, आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात छोटं करून छापलं की नुसता हिरवा डाग उरतो. त्यापेक्षा शहरातल्या विश्वामित्री नदीतली मगर घ्या.

मगर काढताना एक घोळ हमखास होतो. तोंड लांब नि निमुळतं काढलं जातं, ते सुसरीचं. आपल्या नदीतल्या मगरीचं तोंड रुंद आणि बोथट असतं. शिवाय ते मिटलेलं असतानाही खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. हीच तिची खूण ठेवा. दोन्ही बाजूंना एकेक दात, बाकीचे काढूच नका. म्हणजे मगर डावीकडे वळो की उजवीकडे, खूण जागच्या जागी. एकाच गालावर तीळ दिला, तर तो कुठल्या तरी चौकटीत चुकीच्या गालावर जाणारच, आणि मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही.

खरी अडचण समोरून काढताना येते. एवढं लांब तोंड समोरून बटाट्यासारखं दिसतं. म्हणून डोळे डोक्यावर, उंचवट्यांवर बसवा. मग एकाच कागदावर तिला समोरून, तिरकी, बाजूने आणि पाठमोरी काढा, खाली ६ भाव काढा. हे मॉडेल शीट. पुढे दुसऱ्या चित्रकाराने काढली तरी मगर तीच राहायला हवी. आता आकृती पूर्ण काळी भरून १२ मिलिमीटर उंचीची छापून बघा. ओळखू येत नसेल तर तपशील कमी करा. ‘टिंकल’ या मुलांच्या मासिकातला शिकारी शंभू आठवा. वसंत हळबे यांनी काढलेल्या शंभूचे डोळे टोपीखाली दिसतच नाहीत, तरी १९८३पासून त्याला लांबूनही कुणी चुकत नाही.

मजकुराकडे वळू. ५ ते ७ वर्षांच्या वाचकाला पानावर ४ चौकटी पुरे, आणि चौकटीत १२-१५ शब्द. इथली बरीच मराठी मुलं घरात मराठी बोलतात, पण वाचायला शिकतात गुजराती नाहीतर इंग्रजी. शिरोरेघेची लिपी त्यांना उशिरा भेटते. तेव्हा अक्षर १६ पॉइंटचं ठेवा, जोडाक्षरं बेताची, आणि दोन ओळींत अंतर सोडा. नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आधी मजकूर लावायचा, मग त्याभोवती संवादाचा फुगा काढायचा. उलट केलंत की अक्षरं कोंबावी लागतात.

छपाईत रंगीत पान चार रंगांच्या चार प्लेटांनी, म्हणजे छापायच्या पत्र्यांनी, छापतात; त्यातली एक काळी. तिथे एक नियम मोडू नका: सगळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर. अक्षर चारही रंगांतून छापलं आणि कागद जरासा सरकला, तर त्याला लाल-निळी कड येते. दुसरा फायदा त्याहून मोठा. गुजराती आवृत्ती काढताना तीन रंगांच्या प्लेटा त्याच चालतात, काळी तेवढी नवी करायची. मात्र त्यासाठी फुग्यात पाव जागा मोकळी हवी, रंगीत पट्ट्यावर पांढरी अक्षरं नकोत, आणि ‘धडाम’, ‘फटाक’ चित्रात रंगवायचं नाही. इथेच गणित फसतं. सगळी माला गुजराती बोलते आणि मगर शिंकते मराठीत!

पानं ४च्या पटीत ठेवा; पिन मारायला ३२ सोयीची. कडेला ३ मिलिमीटर कापाकापीसाठी सोडा, मधल्या घडीत मगरीचा चेहरा येऊ देऊ नका. आणि हो, तिच्या तोंडी ‘रोज दात घासा’ घालायचा मोह आवरा. मॅस्कॉटची मास्तरीण झाली की मुलं पान उलटतात.

राहिला करार. चित्राचे हक्क प्रकाशनाकडे हवे असतील तर ते लेखी घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दप्तरावर, खेळण्यावर मगर छापली तर चित्रकाराला किती टक्के, तेही तिथेच लिहा. मॉडेल शीट कराराला जोडा, आणि त्या पानावरही दोघांच्या सह्या घ्या. नमस्कार.